चार दिवस समुद्रावर, खुर्चीसकट

मागच्या तीन-चार वर्षांतल्या आमच्या ट्रिपांचे फोटो काढून बघितले तर मी कुठल्याच फोटोत नाहीये. गेले होते सगळीकडे, पण गाडीत बसून होते. "तुम्ही या जाऊन, मी थांबते इथेच" हे मी इतक्या वेळा बोलले की शेवटी शेवटी माझा धाकटा गाडी थांबायच्या आधीच विचारायचा, आई तू थांबणारेस ना, मग पाण्याची बाटली तुझ्याकडेच ठेवू? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, त्याला ते तसंच असतं असं वाटायला लागलं होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खराब होतं, वायरवरचं प्लास्टिक जागोजागी सोललं जावं तसं, आणि मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. माझ्या बाबतीत डावा पाय. घरात मी काठी घेऊन चालते, पण पंधरा-वीस मिनिटं झाली की पंजा उचलला जात नाही, जमिनीला घासत येतो, आणि तेव्हा अडखळून पडायची भीती असते. तरी दोन वर्षं मी व्हीलचेअरला नाही म्हणत होते, कारण मला चालता येतं! चालता येणारं माणूस खुर्चीत बसलं म्हणजे संपलंच असं डोक्यात घट्ट बसलं होतं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी एकदा समोर बसवून सांगितलं, तुमच्याकडे दिवसाची पावलं मोजकी आहेत, ती पार्किंगपासून गेटपर्यंत संपवायची की आत गेल्यावर वापरायची हे तुम्ही ठरवा. त्या एका वाक्यावर मी खुर्ची घेतली. ही तिच्यासोबतची आमची पहिली मोठी ट्रिप, नवरा, सासूबाई, चौदा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. कुठे गेलो ते लिहीत नाही कारण ते ठिकाण कसं आहे हे सांगायला मी बसले नाहीये, कसे गेलो ते सांगायचंय.

जायच्या आधी

बुकिंग नवऱ्याने केलं. त्यातला एकच धडा सांगते. हॉटेलला फोन करून "व्हीलचेअर चालेल का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, खोटं बोलायचं म्हणून नाही तर त्यांनी कधी मोजलेलंच नसतं. आकडे विचारा. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती इंच राहते, पायऱ्या किती, एकेक पायरी किती उंच, बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच असावी आणि खुर्ची वळवायला ५ फुटांचा गोल मिळावा असा साधारण नियम धरतात. माझी खुर्ची चाकांच्या रिंगांसकट २५ इंच भरते, त्यामुळे ३२ नसलं तरी निभतं. आम्ही खोलीच्या दाराचं विचारलं आणि बाथरूमचं विसरलो. पुढे येतंच ते.

सामानात घडीची व्हीलचेअर, तिचं कुशन, चाकांचा वॉकर म्हणजे ज्याला सीट आणि हँडब्रेक असतात तो रोलेटर, घडीची काठी, सायकलचा हातपंप, ॲलन कीचा सेट, दोन जुने टॉवेल आणि बर्फाचा डबा. बर्फाचा डबा सगळ्यात महत्त्वाचा, का ते दुसऱ्या दिवसात येईल.

पहिला दिवस

सकाळी निघालो, पाच तासांचा रस्ता, दर दीड तासाने थांबलो. खुर्ची डिकीत ठेवायचं काम लेकीने स्वतःहून घेतलं. आधी कुशन काढायचं, मग दोन्ही फूटरेस्ट, मग सीटच्या कापडाला मधोमध पुढून-मागून धरून वर खेचायचं की खुर्ची मिटते. पहिल्यांदा तिने हात कडेच्या दांड्यांवर ठेवले आणि बोटं चिमटली, म्हणून सांगते, उघडताना कडेचे दांडे तळहाताने खाली दाबायचे, बोटं आत वळवून धरायची नाहीत.

हॉटेलवर पोचलो तर दारात तीन पायऱ्या आणि त्यावर टाकलेली एक लाकडी फळी, हा त्यांचा रॅम्प. हिशोब साधा असतो, १ इंच चढायचं तर १२ इंच लांबी हवी. तीन पायऱ्या मिळून १८ इंच, म्हणजे १८ फुटांचा उतार पाहिजे होता आणि फळी पाच फुटांची. तिच्यावरून खुर्ची नेली असती तर मी मागे उलटलेच असते. मग रिकामी खुर्ची वर गेली आणि मी एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन पायऱ्या चढले. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय, हे पाठच करून ठेवा, दमल्यावर बरोबर उलटं होतं.

खरी अडचण आत. बाथरूमचं दार. टेपने मोजलं तर मोकळी जागा साडेचोवीस इंच आणि माझी खुर्ची पंचवीस. अर्धा इंच! त्या अर्ध्या इंचाने मला रडू आलं, खरंच सांगते, पाच तासांच्या प्रवासानंतर पाय कामातून गेलेला, आणि डोळ्यासमोर परत तेच, तुम्ही फिरा मी खोलीत थांबते. सामान आणून देणारा मुलगा दारात उभा होता, विशीतला असेल. तो काही न बोलता गेला आणि पेचकस घेऊन आला. दार उघडं असतं तेव्हा त्याची जाडी चौकटीत येते, तीच जागा खाते म्हणाला, दारच काढू. बिजागऱ्यांचे सहा स्क्रू काढले, दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि पडदा लावून दिला. दीड इंच मिळाला. खुर्ची आत गेली, दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा बोट जागा ठेवून गेली. मी त्याचे आभार मानले तर तो म्हणाला मावशी, माझी आजी पण चाकाच्या खुर्चीत असते, आमच्या घरचं दार दोन वर्षं झाली काढलेलंच आहे.

त्या रात्री समुद्राचा आवाज ऐकत झोपलो, अजून बघितला नव्हता.

दुसरा दिवस

पहाटे साडेसहाला बाहेर. समुद्राच्या कडेने चांगला रुंद फुटपाथ होता, मी स्वतः चाकं फिरवत होते, मुलगा बाजूने पळत होता. हे फार वर्षांनी झालं, तो आणि मी एका वेगाने चाललोय. चालताना मी नेहमी मागे असते, त्याला दर मिनिटाला थांबून वळून बघावं लागतं. त्या दिवशी तोच म्हणाला आई हळू!

थोड्या वेळाने एका उतारावर थांबलो, ब्रेक लावले, बाकावर बसायला उठले तर खुर्ची मागून सरकली. नवऱ्याने मला धरलं म्हणून वाचले. ब्रेक लावलेले असताना सरकली कशी म्हणून बघितलं तर टायरमध्ये हवा कमी. या खुर्च्यांचे ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा एक दांडा, टायर मऊ पडला की तो दाबच बसत नाही. वर हवा कमी असली की ढकलायलाही जड जातं आणि आपल्याला वाटतं आपणच दमलोय. हातपंपाने दोन्ही चाकं भरली, ब्रेक पहिल्यासारखे घट्ट. निघायच्या आदल्या दिवशी हवा बघायचीच, घरात बसून कळत नाही.

मग वाळू. फुटपाथ संपला, चार फूट गेलो आणि पुढची छोटी चाकं रुतली. नवरा जोर लावून ढकलतोय आणि खुर्ची नाकावर जातेय. लेकीने बाबांना बाजूला केलं, खुर्ची उलटी फिरवली आणि मागे मागे ओढत न्यायला लागली. मोठी चाकं पुढे, छोटी नुसती मागून फरपटत येतात, मऊ जमिनीवर हेच चालतं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिने बघून ओळखलं. मी समुद्राकडे पाठ करून, मुलांच्या पावलांच्या खुणा बघत, समुद्राकडे जात होते.

ओल्या वाळूच्या अलीकडे जीवरक्षकांची टपरी होती आणि तिच्या मागे पिवळ्या फुगीर चाकांची एक खुर्ची. मी असल्या खुर्च्यांबद्दल वाचलं होतं पण कधी बघितली नव्हती. चाकं म्हणजे अक्षरशः मोठे फुगे, रुंद असल्यामुळे वजन पसरतं आणि वाळूत रुतत नाहीत. ती आपली आपल्याला चालवता येत नाही, ढकलायला माणूस लागतंच. जीवरक्षक काका म्हणाले कोणी मागतच नाही, तशीच पडून असते. म्हणून सांगते, समुद्रावर गेलात तर विचारा, पाटी नसली तरी विचारा.

आणि मी पाण्यात गेले. सहा वर्षांनी. काका एका बाजूला, नवरा एका बाजूला, लाट येऊन पायावरून गेली तेव्हा डाव्या पायाला गार कळलंच नाही पण उजव्याला कळलं, आणि लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढली जाते ना, ती खुर्चीच्या चाकाखालूनपण ओढली जाते, खुर्ची किंचित खचते, ते अंगभर जाणवतं. मुलगा समोर उभा राहून नुसता हसत होता. गुडघ्याच्या वर पाणी जाऊ दिलं नाही त्यांनी, कारण त्या फुगीर चाकांची खुर्ची तरंगायला लागते आणि लाटेने कलंडू शकते. आपण हट्ट करायचा नाही तिथे.

अकरा वाजता ऊन चढलं आणि मी चूक केली, अजून थोडं अजून थोडं करत थांबले. आधी उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं, मग हात जड. एमएसमध्ये अंगाचं तापमान थोडंसं जरी वाढलं तरी आधीच खराब झालेल्या नसांतून निरोप जाणं आणखी मंदावतं. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखतात. नवीन झटका नसतो तो, अंग गार झालं की उतरतं, पण त्या क्षणी फार घाबरायला होतं. सावलीत नेलं, बर्फाच्या पाण्यातले टॉवेल मानेवर आणि मनगटांवर, थंड पाणी घोट घोट. पाऊण तासाने डोळा साफ झाला. मुलांनी ते सगळं बघितलं, आणि मला वाटतं बघितलं ते बरंच झालं, कारण तिसऱ्या दिवशी दहा वाजले तसं धाकट्याने स्वतःच सांगितलं, चला सावली शोधा. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी बाहेरचे कार्यक्रम सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर ठेवावेत, दुपार झोपेची.

तिसरा दिवस

जवळच्या तळ्यावर गेलो. तिथे पाण्याच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट केलीय, दीडेक किलोमीटरची. फळ्या वाटेला आडव्या असतील तर खुर्ची नुसती खडखडते, पण उभ्या, म्हणजे आपण जातो त्याच दिशेने असतील, तर फटीत छोटं चाक अडकू शकतं, तेवढं आधी बघून घ्यायचं. इथे आडव्या होत्या. हाडं खिळखिळी झाली पण पोचलो. दर अर्ध्या तासाने मी हातांवर जोर देऊन बूड उचलते, वजन इकडून तिकडे करते, कुशन कितीही चांगलं असलं तरी हे करायचंच, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होते आणि कमी संवेदना असलेल्यांना ती कळतही नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. चौऱ्याहत्तर वय, गुडघे दुखतात, पण काठी म्हणलं की "मी काही म्हातारी नाही". रोलेटर मी रात्री खोलीत वापरते म्हणून आणला होता, त्या दिवशी नवऱ्याने सहज म्हणून वाटेवर आणला. मी म्हणलं आई, माझी पर्स आणि पाणी त्यावर ठेवलंय, जरा धरता का, मला चाकं फिरवायची आहेत. धरला. दहा मिनिटांनी बघितलं तर आमच्या पुढे! मध्येच ब्रेक लावून सीटवर बसल्या, पाण्यातले पक्षी बघितले, परत निघाल्या. काहीच बोलल्या नाहीत त्याबद्दल, मीपण नाही. फक्त धाकट्याने आजीला सीटवर बसवून ढकलायला सुरुवात केली तेव्हा मी जोरात ओरडले. रोलेटरवर बसलेल्या माणसाला कधीही ढकलायचं नाही, त्याची सीट थांबून बसायला आहे, चाक अडकलं तर माणूस मागच्या मागे जातं.

वाटेत एक काका भेटले, बॅटरीच्या खुर्चीवर, सोबत नात. ते निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, माझ्या खुर्चीखाली वाकून बघायला लागले आणि म्हणाले ही कैचीसारखी फुली दिसते ना, ती कोणी केली माहितीये? हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक इंजिनिअर होते, १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात त्यांचा कणा मोडला. त्या काळच्या खुर्च्या अवजड, मिटायच्या नाहीत, गाडीत घालून कुठे नेता यायच्या नाहीत. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्स, तेपण इंजिनिअर, दोघांनी मिळून १९३३ च्या सुमारास ही घडीची खुर्ची बनवली, गाडीत मावेल अशी. काका ते अशा आपुलकीने सांगत होते की जणू शेजारचे दोघं. त्याच्याही कितीतरी आधी, १६५५ मध्ये, न्यूरेंबर्गच्या श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीने, ज्याला स्वतःला चालता येत नव्हतं, हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी स्वतःसाठी तयार केली होती, हेपण त्यांनीच सांगितलं. लेक ऐकत होती. संध्याकाळी खुर्ची मिटताना ती फुलीकडे बघून थांबली जरा, मग डिकीत ठेवली.

वाटेच्या शेवटी पाण्यात उतरणारा एक दगडी घाट, खुर्ची जाण्यासारखी नाही. मी ब्रेक लावले, फूटरेस्ट वर केले, काठी उघडली आणि उठले. काठी उजव्या हातात, कारण कमजोर पाय डावा, काठी नेहमी उलट्या बाजूला धरायची, आणि तिची उंची आपण हात सरळ सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. मागे बाकावर बसलेल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, अगंबाई, ह्यांना तर चालता येतं की! पूर्वी हे ऐकून मी परत खाली बसले असते. त्या दिवशी मी वळून त्यांना सांगितलं, हो येतं, थोडंसं, म्हणूनच ते इथपर्यंत सांभाळून आणलंय. त्या ओशाळल्या, उठून आल्या आणि खालच्या पायरीपर्यंत मला दुसरा हात दिला. त्यांची बहीण दमते पण खुर्चीला तयार नाही म्हणाल्या. बराच वेळ बोललो आम्ही.

धाकट्याने आणि मी मिळून बासष्ट पावलं मोजली घाटाच्या कडेपर्यंत. पाण्यात पाय सोडून बसलो. तो मला कुठला मासा कुठे गेला ते दाखवत होता, मला एकही दिसला नाही, पण तो दाखवत राहिला. परत येताना पाय घासायला लागला तेव्हा खुर्ची दहा पावलांवर होती.

चौथा दिवस

सकाळपासून पाऊस, कोणीच धरला नव्हता हिशोबात. माझ्यासाठी गारवा म्हणजे उत्तमच, पाय छान उचलला जात होता, पण चाकांच्या रिंगा ओल्या झाल्या की हात सटकतात, उतारावर रिंग धरून वेग आवरता येत नाही. रबराची पकड असलेले हातमोजे आणायला हवे होते, पुढच्या यादीत टाकलेत. जोराचा उतार आला की ढकलणाऱ्याने खुर्ची उलटी फिरवून स्वतः खालच्या बाजूला राहून मागे मागे उतरायचं, नवरा आता हे न सांगता करतो.

दुपारी जेवायला थांबलो तिथे आम्हाला नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, भिंतीजवळ बसवायला निघाले, खुर्ची वाटेत नको म्हणून. लेक म्हणाली आम्हाला खिडकीपाशी बसायचंय. वाढणाऱ्या दादांनी एक साधी खुर्ची उचलून बाजूला केली, मी टेबलाखाली गुडघे घालून बरोबर बसले, सगळ्यांच्या रांगेत, बाहेर पाऊस आणि ताटातून वाफ येतेय. आधीच्या एका ठिकाणी टेबल बुटकं होतं तर ताट मांडीवर घेऊन जेवले होते, त्यामुळे बसण्याआधी टेबलाखाली साधारण २७ इंच मोकळी जागा आहे का ते बघते मी आता.

हॉटेल सोडताना तो मुलगा बाथरूमचं दार परत बसवायला आला होता. मग मालकांशी काय बोलला माहीत नाही, दार तसंच भिंतीला टेकवून ठेवलं आणि पेचकस खिशात घातला.

परत आल्यावर

समुद्राहून आलं की खुर्ची त्याच दिवशी धुवा, खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतात. ओल्या फडक्याने सगळा सांगाडा पुसायचा, पुढच्या छोट्या चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात ते चिमट्याने काढायचे, वाळू जुन्या टूथब्रशने, मग कोरडं करून थेंबभर तेल. मी आणि धाकट्याने अंगणात वर्तमानपत्र पसरून केलं ते, मूठभर वाळू निघाली, त्याने ती एका बाटलीत भरून ठेवलीय.

रोलेटर धुवायला घेतला तर जागेवर नव्हता. सासूबाई तो घेऊन कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडे गेल्या होत्या. आता मला रात्री लागतो आणि त्यांना संध्याकाळी, तेव्हा शनिवारी त्यांच्यासाठी वेगळा बघायला जातोय, त्यांची मनगटापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवलीय, रंग त्यांनी आधीच सांगितलाय, लाल.